जळक्या ऑइलचा हिवाळा

बाजारात भरताची वांगी आली की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं मनगट दुखायला लागतं.

वांग्यांचा तसा काही दोष नाही. दिवाळी सरली की जळगावात आमच्या पिंप्राळ्याच्या कोपऱ्यावर हातगाडी लागते. हिरवी, पांढुरक्या झाकेची, बाळाच्या दंडासारखी गुबगुबीत वांगी वर रचलेली, बाजूला कांद्याची पात, लसणाचे गड्डे, हिरव्या मिरच्यांचा ढीग. स्कूटरवरची माणसं एक पाय जमिनीला टेकवून तिथेच भाव करतात. भाजीवाला मला बघून ओळखीचं हसतो आणि विचारतो, ताई, यंदा कुठे खेळायला? मी 'बघू' म्हणते. कित्येक वर्षं मी त्याला 'बघू' म्हणत आले आणि कित्येक वर्षं जातही आले. यंदा मात्र 'बघू' म्हणताना माझं मलाच काही ठाऊक नव्हतं.

मी गोल्फ खेळते. पेशा म्हणून खेळते. हे वाक्य खान्देशात म्हणायचं म्हणजे अजूनही जरा घसा साफ करावा लागतो. समोरचा माणूस म्हणतो, ते गवतावर काठीने मारतात तेच ना? मी हो म्हणते. मग तो अगदी मनापासून विचारतो, बरं, आणि बाकी काय करता? बाकी काही करत नाही हो. सकाळी उठते, चेंडू मारते, चालत त्याच्यामागे जाते, परत मारते. आयुष्य त्यातच गेलं. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतून हा खेळ पेशा म्हणून धरणारी मी पहिली बाई. पहिली, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून तरी एकटीच.

मोठ्या स्पर्धांत खेळायचं तर आमच्याकडे कार्ड लागतं. ते दर वर्षाच्या खेळावर टिकतं किंवा जातं. गेलं तर संक्रांतीनंतर चाचणी खेळून परत मिळवायचं. गेल्या हंगामात माझं कार्ड गेलं. मनगटाने दगा दिला म्हणा, वयाने म्हणा. आता परत मिळवायचं तर माझ्या निम्म्या वयाच्या मुलींबरोबर उभं राहायचं. त्यातलीच एक गोड पोरगी मला फोन करते, ताई, नाव दिलंत का, संक्रांतीच्या आत द्यायचंय. मी तिलाही 'बघू' म्हणाले.

खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. मी दमले होते. झोपून जाणारा थकवा नव्हता तो. पहाटे डोळे उघडायच्या आत तो उठून बसलेला असायचा. पण नाही जायचं हे मी भाजीवाल्याला, त्या पोरीला, साऱ्या गावाला सांगू शकले असते. एका माणसाला सांगायची माझी हिंमत होत नव्हती, आणि ते माणूस आतल्या खोलीत बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ चाळत होतं. माझी माय.

का हिंमत होत नव्हती ते सांगायचं तर मला त्या हिवाळ्यात परत जावं लागतं. तसं तर मी दर वर्षीच जाते. वांगी भाजायचा वास आला की मला बोलवावंही लागत नाही.

धुळ्याच्या बाहेर, शिंदखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक माळ होता. मुरमाड, उघडा, बोरीबाभळींचा. फौजेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी तो घेतला होता. विहिरीजवळ त्यांची लिंबाची बाग होती आणि उरलेल्या माळावर त्यांनी आपल्या हौसेखातर गोल्फचं मैदान केलं होतं. मैदान म्हणजे काय, गवताची काडी नाही. पावसाळ्यात जे काय हिरवं व्हायचं ते दसऱ्यापर्यंत शेळ्यांच्या पोटात. माझे वडील, आबा, त्या बागेची राखण करायचे. फाटकाजवळच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो.

या खेळात ज्या जागी शेवटी चेंडू खळग्यात घालायचा, तिथे सगळ्या जगात मऊ, कातरलेलं गवत असतं. आमच्याकडे वाळू होती. पांझरेच्या पात्रातून आणलेली, चाळलेली वाळू गोल पसरायची आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यात जळकं ऑइल कालवायचं. ते ऑइल आबा हायवेवरच्या गॅरेजांमधून डबे भरून सायकलला लटकवून आणत. ट्रकांचं काळं, वापरून फेकलेलं ऑइल. त्याने वाळू काळसर तपकिरी व्हायची, दबून बसायची, आणि तिच्यावरून चेंडू सुरेख घरंगळायचा. साहेब त्याला ब्राऊन म्हणत. माय त्याला अंगण म्हणे.

अंगण म्हणे आणि अंगणासारखंच राखे. एका फळीला गोणपाट गुंडाळून, दोरी बांधून तिने एक ओढणं केलं होतं. ते खळग्यापासून बाहेर गोल गोल ओढत न्यायचं की सगळ्या पावलांच्या खुणा पुसल्या जायच्या. मायला हे काम करायला कोणी सांगितलं नव्हतं. तिचं खरं काम शेजारच्या शेतात कापूस वेचायचं. पण दव असताना कापूस वेचता येत नाही, ओला माल कोणी घेत नाही. दव उडेपर्यंत वेचणीच्या बाकीच्या बाया शेकोटीला बसत, तंबाखूची मिसरी लावत, गप्पा ठोकत. मायला बसवत नसे. ती तेवढ्या वेळात माझी अंगणं ओढून घेई.

त्याच्याही आधी ती मला उठवी. धुळ्याची थंडी ज्यांनी सोसली नाही त्यांना काय सांगू. गोधडीतून नाक बाहेर काढलं तरी नाक परत आत जाऊ मागायचं. माय गोधडीचं टोक धरून एकच वाक्य म्हणायची, "ऊठ वं, ऊन चढी जाई." बाहेर तर अजून चांदण्या असायच्या. कुठलं ऊन आणि कुठलं काय. पण तिच्या लेखी ऊन हे कायम चढायच्याच बेतात असायचं. आजारपणात, सणावारी, मी मोठी झाल्यावर दुसऱ्या गावाहून फोन केला तरीही तेच. ऊठ वं. माझ्या आठवणीत मायच्या तोंडून 'बठ', म्हणजे 'बस', हा शब्द मी कधी ऐकलेला नाही, ना माझ्यासाठी, ना तिच्या स्वतःसाठी.

खेळ मला साहेबांनी शिकवला. त्यांच्या बाईसाहेब वारल्या होत्या, त्यांच्या काठ्या कोपऱ्यात धूळ खात पडल्या होत्या. मी दहा वर्षांची असताना चेंडू शोधून आणून द्यायचे. एकदा साहेबांनी सहज एक काठी हातात दिली आणि मी मारलेला चेंडू लिंबाच्या बागेपार गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईसाहेबांच्या काठ्या पुसून आमच्या ओट्यावर आणून ठेवल्या. आबांना वाटलं भंगारात द्यायला आणल्यात.

माळाच्या एका कडेला कपाशीचं शेत होतं, तिथे माझा निम्मा जीव जायचा. फटका जरा उजवीकडे गेला की चेंडू कपाशीत. पांढरा चेंडू, पांढरा कापूस, आता शोधा. वेचणाऱ्या बायांचे हात डोळ्यांपेक्षा वेगाने चालतात. बोंडातून कापूस ओढायचा आणि ओटीत टाकायचा, ओढायचा आणि टाकायचा. त्या ओघात चेंडूही ओटीत जायचे. संध्याकाळी मापाला कापूस ओतला की ढिगातून माझे चेंडू गडगडत बाहेर यायचे आणि बाया पोट धरून हसायच्या. एक म्हातारी मावशी तर रोज चेंडू माझ्या तळहातावर ठेवून गंभीर तोंडाने म्हणे, "ले वं, तुनं अंडं." मी चिडायचे. माय हसायची नाही, चिडायचीही नाही, चेंडू पदराला पुसून द्यायची.

तर तो हिवाळा. मी तेव्हा विशीला टेकले होते. साहेब थकले होते. त्यांच्या मुलांनी माळ विकायचं ठरवलं होतं, उन्हाळ्यात व्यवहार होणार होता. विकल्यावर आबांची राखण जाणार, खोल्या जाणार आणि माझं मैदानही. दुसरं मैदान आसपास कुठे नव्हतंच. साहेबांनी मला विहिरीच्या कठड्याशी बोलावून सांगितलं की बेटा, हा एकच हिवाळा आहे तुझ्याकडे. संक्रांतीनंतर चाचणी आहे, कार्ड मिळालं तर कोणी ना कोणी तुला खेळायला जागा देईल. नाही मिळालं तर हे एवढंच होतं असं समज. साहेब असंच बोलायचे, साखर न घालता.

मी तो हिवाळा कसा काढला ते माझं शरीर अजून विसरलेलं नाही. पहाटे अंधारात सुरुवात. बोटं इतकी गारठलेली की काठी धरली की नाही ते कळायचं नाही. जळक्या ऑइलचा वास कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा. दूर वेचणीच्या बायांची शेकोटी, तिच्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या तडतडायच्या आणि कधीमधी कोणी त्यात वांगी घालायचं. भाजक्या सालीचा तो वास वाऱ्याने आला की पोटात खड्डा पडायचा. आणि या सगळ्यात पुढे पुढे चाललेली माय, कमरेत वाकलेली, दोरी खांद्यावर घेतलेली, अंगण ओढत. मी तिच्यामागून जायचे आणि खेळून तिचं अंगण खराब करायचे. ती परत ओढायची. दिवसभर वेचणी करून आल्यावरही संध्याकाळी एकदा ओढायची. मी म्हटलं राहू दे ना, तर म्हणायची, खराब अंगणात कोणी खेळतं का.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वाळूच्या अंगणात चेंडू खळग्यात घालण्याआधी, चेंडूपासून खळग्यापर्यंतची वाट आपण ओढून सपाट करून घेऊ शकतो. वाळूवर ती रीतच आहे, नाहीतर दुसऱ्याच्या बुटाच्या खुणेत चेंडू अडकेल. घाई असली तर ओढण्याऐवजी पायानेच. उजवा पाय आडवा धरायचा, दाबत दाबत मागे न्यायचा, सुरेख पट्टा तयार होतो. मायने मला ते अगदी लहानपणी शिकवलं होतं. तिने स्वतः कधी काठी हातात धरली नाही, पण पाय कसा धरायचा ते तिने शिकवलं. मी ते रोज केलं. श्वास घ्यावा तसं केलं.

चाचणी दुसऱ्या गावी होती, मोठ्या मैदानावर. खरं गवत मी जन्मात पहिल्यांदा पायाखाली पाहिलं. फाटकावरच्या माणसाला मी सामान उचलायला आलेली वाटले, त्याने मला मागच्या दाराने जायला सांगितलं. बायकांना कपडे बदलायला जागा नव्हती, टॉवेल-चादरी ठेवायच्या खोलीत बदलले. त्याचं मला काही वाटलं नाही, आमच्या घरी तर तेवढीही खोली नव्हती. आणि मी खेळले हो. आतापर्यंत खेळले त्यातलं कदाचित सगळ्यात चांगलं. गवताचा उतार मला वाचता येत नव्हता, पण फटके असे जात होते की उताराची वेळच यायची नाही.

शेवटच्या खळग्यापाशी आले तेव्हा कार्ड जवळजवळ माझ्या हातात होतं. चेंडू खळग्यापासून जवळच. बरोबरच्या मुली बाजूला उभ्या, सगळं शांत. मी वाकून बघितलं, वाटेत कोणाच्या तरी बुटाच्या खिळ्यांच्या खुणा होत्या. आणि मी उजवा पाय आडवा धरला. दाबत दाबत मागे नेला. चेंडूपासून खळग्यापर्यंत छान पट्टा ओढला.

कोणीतरी श्वास ओढल्याचा आवाज आला. मी चेंडू घातला, तो गेला, मी हसून वर बघितलं. कोणीच हसत नव्हतं. पंच चालत माझ्याजवळ आले. त्यांनी विचारलं, हे तुम्ही काय केलंत? मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणाले, "अंगण ओढून घेतलं."

दोन फटक्यांचा दंड. गवतावर आपली वाट अशी दाबून सपाट करायची नसते, नियम आहे. आता तो नियम बराच सैल झालाय, बुटाच्या खुणा सारख्या करायला परवानगी आहे. तेव्हा नव्हती. हसावं की रडावं अशी गोष्ट, मी दोन्ही केलं नाही. कार्ड एका फटक्याने गेलं.

एसटीतून उतरून माळापर्यंत चालत आले. आबांना सगळं सांगितलं, ते मायला आत जाऊन सांगत होते ते मला ऐकू येत होतं. माय बाहेर आली. मला वाटलं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, जेवून घे. एवढंच. त्या दिवसापासून मायने माझ्या खेळाबद्दल एक अक्षरही काढलं नाही. जिंकले तरी नाही, हरले तरी नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाहेर आले तेव्हा ती दोरी खांद्यावर घेऊन अंगण ओढत होती. माळ विकला जाईपर्यंत, उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, वाळू तापून पाय भाजायला लागले तरी ती ओढत राहिली. चाचणी होऊन गेली होती. कशासाठी ओढतेस असं विचारायचं मला सुचलं नाही. मी आपली खेळत राहिले.

साहेबांनी कुठे कुठे शब्द टाकून मला एका मैदानावर सरावाची सोय करून दिली आणि पुढच्या वर्षी कार्ड मिळालं. ते बघायला साहेब नव्हते.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे ज्यांना माहीत असायला हवी त्यांना. खान्देशकन्या वगैरे. पेपरात फोटो यायचा, त्यात काठी बहुतेक उलटी धरायला लावलेली असायची. मी खूप मोठं काही जिंकलं नाही. एकदा एका मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होते, आणि तेव्हाही शेवटच्या खळग्यापाशी आले तर उजवा पाय आपोआप आडवा व्हायला लागला. त्याला आवरण्यातच इतका जीव गेला की चेंडू चुकला. गवतावर मी शेवटपर्यंत पाहुणीच राहिले. बाकीच्या मुली गवतावर जन्मलेल्या, त्या उतार वाचायच्या. मी मनातल्या मनात आधी वाळू पसरायचे, ती ओढून घ्यायचे आणि मग मारायचे.

सत्कार मात्र पुष्कळ झाले. आपल्याकडे शाल-श्रीफळाला तोटा नाही. पाचोऱ्याला झाला, शिंदखेड्याला झाला, जळगावात तर दर वर्षी कुठे ना कुठे. भाषणात वक्ते मला धावपटू म्हणायचे, एकाने तर हॉकीतलं माझं योगदान सांगितलं. शालींचा ढीग झाला तेव्हा मायने तो विचारल्याशिवाय उचलला आणि वेचणीच्या बायांना वाटून टाकला. आमच्या नात्यातल्यांच्या शेतांवर आजही दव उडायची वाट बघत बाया शेकोटीला बसतात ना, त्यातल्या काहींच्या खांद्यावर माझे सत्कार आहेत. माझ्या मते शालींचा याहून चांगला उपयोग झाला नसता.

पहिली असण्याचं लोकांना फार कौतुक. मला त्याचा कंटाळा आलाय, खरंच सांगते. पहिली म्हणजे काय, तर जिला विचारायला कोणी नसतं. मुलगी झाल्यावर बाई परत कशी खेळते, चाळिशीत मनगट कुठून दुखायला लागतं, हॉटेलच्या खोलीत एकटीने जेवताना नजर कुठे ठेवायची, हे कोणाला विचारणार? चाचपडत सगळं शिकले. पण एक गोष्ट शिकायची राहून गेली. थांबायचं कसं? वेचणीची बाई ऊन उतरलं की थांबते, ओटी सोडते, माप होतं, घरी जाते. माझं ऊन कोणी उतरवायचं ते मला कळत नव्हतं.

आणि मायचं ते पाठमोरं वाकणं डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. जिने एक हिवाळाभर, काही न बोलता, माझ्यासाठी ओढलं, तिला कोणत्या तोंडाने सांगू की माय, मी दमले? ती माझ्याहून जास्त दमली होती आणि तिने कधी सांगितलं नव्हतं. आबा गेले, ती माझ्याकडे पिंप्राळ्याला आली, तिचे गुडघे गेले, तरी सकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहते. ऊठ वं. मी उठते. मला वाटायचं मी तिच्यासाठीच उठते. माझी मुलगी पुण्याला शिकते, ती फोनवर म्हणते, आई, तुम्ही दोघी एकमेकींना चावी देत बसलाय. मी तिला गप्प बस म्हणते.

गेल्या रविवारी मावसभावाने भरीत पार्टीला बोलावलं. पाचोऱ्याच्या वाटेवर त्याचं शेत आहे. वेचणी संपत आलेली, कपाशीच्या अर्ध्या ओळी उपटून पऱ्हाट्यांचे भारे रचलेले. दुपारचं ऊन कोवळंच होतं. पोरांनी जाळ केला, त्यात वांगी टाकली, साली फुगून फुटल्या. भावाच्या बायकोने लाकडी बडगीत मिरची-लसूण ठेचायला घेतला, बुटक्या मुसळाचा तो धपधप आवाज, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, पातीचा हिरवा वास. सगळे ओळखीचे. सगळे मला विचारत होते, यंदा कुठे. मी 'बघू' म्हणत होते आणि वांगी सोलत होते. बोटं भाजत होती.

माय तेवढ्यात उठली. पंगत बसायची ती जागा ढेकळांची होती. तिने बाजूला पडलेलं एक रिकामं पोतं घेतलं, त्यात मूठभर माती घालून जड केलं, तोंड धरलं आणि वाकून ते मागे मागे ओढायला लागली. ढेकळं फुटायला लागली. गुडघ्यांनी साथ नाही, तरी ओढत होती. कोणी म्हणालं आजी राहू द्या, तिने ऐकलं नाही. काळ्या मातीत एक सपाट पट्टा उमटत गेला, सरळ, बोटभरही वाकडा नाही.

मी वांगं खाली ठेवलं आणि तिच्यामागे गेले. हात तसेच, राखेने माखलेले. एवढी वर्षं मनात घोकलेलं वाक्य एकदम बाहेर आलं. घरात आम्ही तिच्याच बोलीत बोलतो. "माय, यंदा मी जात नही."

पोतं थांबलं. ती वळली नाही. वाकलेलीच म्हणाली, "थकी गयी का?"

मी हो म्हणाले. चार माणसांत, भर दुपारी, माझ्या वयाच्या बाईने असं रडावं का, पण आलं रडू. मी तिला सांगत सुटले की तू ओढत होतीस म्हणून मी खेळत राहिले, तुझं ओढणं वाया जाऊ नये म्हणून, मला थांबायला कधी जमलंच नाही.

माय सरळ झाली. तिला सरळ व्हायला वेळ लागतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि जे आजवर तिने कधीच काढलं नव्हतं ते काढलं.

"तवय चुकी मनीच व्हती. मी तुले पाय वढाले शिकाडं. म्हनीसन तुले कधी थांब म्हनं नही."

म्हणजे चाचणी होऊन गेल्यावरही उन्हात ती ओढत होती ते यासाठी. म्हणजे तिचं ते न बोलणं रागाचं नव्हतं, कंटाळ्याचं नव्हतं. आपण शिकवलेल्या पायाने पोरीचं कार्ड गेलं, आता ती म्हणेल तोवर तिला खेळू द्यायचं, आपण मध्ये यायचं नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. मी तिच्यासाठी उठत होते आणि ती माझ्यासाठी उठवत होती. दोघींपैकी कोणालाही उठायचं नव्हतं. मी तिला म्हणाले, माय, चुकी कसली, माझ्या खेळात माझं असं ते पाय ओढणंच तेवढं होतं. तिला ते पटलं की नाही, माहीत नाही. तिने पोतं खाली टाकलं, आत्ताच सपाट केलेल्या मातीकडे हात केला आणि म्हणाली,

"बठ वं."

मी बसले. माती उबदार होती. तिकडे बडगीत वांगी पडली होती, केळीची पानं धुऊन उपडी घातली होती, सगळ्यांना वाढायचं राहिलं होतं. वाढायची वेळ झाली की माय कधी कोणाचं ऐकत नाही, शेवटचं माणूस उठेपर्यंत ती उभीच असते. भावाच्या बायकोने तिला हाक मारली. मायने ऐकलं, हो म्हणाली, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन, गुडघे सावरत, माझ्या शेजारी बसली.